सर्व प्रवासी सुखरूप

मल्लम सानुसी भाजलेलं मांस जुन्या वर्तमानपत्रात बांधून देतो. खाताखाता मथळ्यांना हसायचं, हा आमचा विरंगुळा.

"डिसेंबरपासून चोवीस तास वीज," मी वाचलं.

"कुठला डिसेंबर ते विचारू नका, आंटी."

त्याखाली छापलं होतं: बोट उलटली, सर्व प्रवासी सुखरूप.

माझं डोकंच फिरलं. माझी बहीण एबिएरे त्याच बोटीत बुडाली. या खोटारड्यांनी साधी दिलगिरीही छापली नाही.

फोटोत वाचलेली माणसं काठावर बसली होती. त्यांत पाठमोरी एबिएरे.

मी दुसरी पुडी घेतली. तेच पान. तिची मान अर्धी वळलेली.

"हा कागद तर दुसऱ्या गठ्ठ्यातला आहे, आंटी," सानुसी म्हणाला.

तिसऱ्या पुडीत ती माझ्याकडेच बघत होती, माझ्याहून संतापलेली, बोलायला तोंड उघडलेलं.

मी मागितली नव्हती, तरी सानुसी चौथी पुडी बांधत होता.