रांगेलच्या खुणेची गोळी

रांगेलने दुनळीच्या दोन्ही नळ्यांत तितराचे छर्रे भरले आणि बंदूक मिटली. हाका होता रानडुकराचा. आता छऱ्यांनी डुकराचं काय होणार? फार तर पाठ खाजेल.

बाकी सगळ्यांनी गोळ्या भरल्या होत्या. टोळीचा नाईक ओग्न्यान सकाळीच ओरडून सांगून गेला होता, "पाखरांची काडतुसं घरी! आज फक्त गोळी. ऐकताय ना, रांगेलआजोबा?" रांगेलने ऐकलं होतं. त्याच्या पिशवीत गोळीची काडतुसं होतीही. स्वतः शिसं ओतून केलेली, प्रत्येक गोळीच्या बुडाशी त्याचा त्रिकोण कोरलेला. स्त्रांजाच्या रानात ती पद्धतच होती. मेलेल्या डुकरातून गोळी काढायची, खूण बघायची, की डुक्कर कुणाचं यावर भांडण नको.

पण गोळी माणसालाही लागते. आणि रांगेलची नजर पार गेली होती. ओढ्यापलीकडे हललं ते डुक्कर की हाका घालणारा माणूस, हेच त्याला कळेनासं झालं होतं. सांगायची सोय नव्हती. सांगितलं की बंदूक खुंटीला आणि रांगेल चुलीपुढे, बायको तुदोराच्या विणायच्या सुयांचा टकटकाट ऐकत. ओढ्यावरच्या ओकाखालची जागा त्याची होती, त्याआधी त्याच्या बापाची. ती गेली तर उरलं काय? म्हणून तो यायचा, छर्रे भरायचा, आणि समोर काही खसफसलं की वर फांद्यांत बार काढायचा. बार तर काढायलाच हवा, नाहीतर म्हातारा झोपला होता म्हणतील. लोक हसायचे. हसू देत बापडे, कुणाचा जीव तर जात नव्हता.

यंदा मात्र ओग्न्यानने तोंडावर सांगितलं होतं. वाईट नव्हता तो, पण नाईक होता. "आजोबा, आज तुमच्या जागेवरून डुक्कर निसटलं, तर पुढच्या हाक्याला तुम्ही स्वयंपाकाची हंडी सांभाळा. जागा मी दुसऱ्याला देतो."

शेजारच्या जागेवर वेल्को होता. रांगेलचा जन्माचा दोस्त आणि टवाळीत सगळ्यांच्या पुढे. ढेरपोट्या, छातीपर्यंत दाढी, आवाज असा की डुकरांनी ऐकूनच पळावं. "रांग्या," तो तिथूनच म्हणाला, "आज तरी डुकराला मार रे. त्या ओकाने तुझं काय घोडं मारलंय?"

"गप बस," रांगेल म्हणाला. नेहमीसारखं हसू काही आलं नाही त्याला.

मग कुत्री पेटली. झुडपं कडाडली. रांगेलला काळं काहीतरी दिसलं, मोठं, झपाट्याने येणारं. डुक्करच असणार. पण असणार म्हणजे काय? त्याने नळी वर केली आणि फांद्यांत बार काढला. त्याच दमात शेजारून दुसरा बार झाला. काळं ते ओढ्यात कोसळलं आणि पाणी उडालं.

माणसं धावत आली. डुक्कर दांडगं होतं. जो तो वेल्कोची पाठ थोपटायला लागला. रांगेलकडे कुणी बघेना, आणि तेच जास्त लागलं त्याला.

"माझी पाठ कशाला बडवताय?" वेल्को खेकसला. "आधी गोळी तर काढा!"

ओग्न्यानने सुरी चालवली. पलीकडच्या कातड्याखाली गोळी अडकली होती. चेपली होती, पण बूड शाबूत होतं. त्याने ती पँटला पुसली, डोळ्यांजवळ धरली आणि ओरडला, "त्रिकोण! अरे, आजोबांची आहे!"

एकच गलका झाला. कुणी राकियाच्या दारूची बाटली पुढे केली, कुणी रांगेलला मिठीच मारली. ओग्न्यानने ओकाची फांदी मोडली, डुकराच्या रक्ताला लावली आणि शिकाऱ्याचा मान म्हणून रांगेलच्या टोपीत खोचली. "चुकलो मी, आजोबा. जिवंत आहात तोवर जागा तुमचीच."

रांगेलने गोळीवरून अंगठा फिरवला. खूण त्याचीच होती. त्याच्या बंदुकीत मात्र आज एकही गोळी नव्हती. तो वेल्कोकडे वळला. वेल्को कुत्र्याच्या पट्ट्यात असा काही गुंतला होता, जणू जगात दुसरं कामच नाही. म्हातारा समजायचं ते समजला. नुसतं गप्प राहायचं होतं, बाकी सगळं दोस्ताने करून ठेवलं होतं.

"नाईक," तो म्हणाला, "जागा आजपासून दुसऱ्याला दे. मी हंडी सांभाळतो."

"अहो, आजच तर तुम्ही..."

"म्हणूनच. टोपीत फांदी आहे तोवर जागेवरून उठू दे मला."

वेल्कोने त्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच टोळीच्या जीपमागे नेलं. "अक्कल गहाण टाकलीस का रे? मी एवढा खटाटोप केला तो काय तू हंडी ढवळावीस म्हणून? तुझीच गोळी माझ्या बंदुकीत..." एवढा दांडगा माणूस, पण डोळे भरून आले. "त्या ओढ्यावर मी एकट्याने बसून कुणाला शिव्या देऊ, सांग ना."

रांगेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सकाळी माझ्या घरी तू पिशवीत हात घातलास ना, वेल्को, तेव्हा मी टेबलापलीकडेच बसून बघत होतो," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुदोरा पाव भरतेय."