लोकल चॅनलवरची पट्टी

"एका माह्या घरचंच चालू ठेव ना बा," टिकाराम म्हणाला. "बाकी गावाले दे तुझे डबे."

केबलवाल्या राजकुमारनं खांद्यावरचं वायरचं भेंडोळं खाली ठेवलं. सकाळपासून तो कोंढ्यात घरोघरी सेट टॉप बॉक्स बसवत फिरत होता. टिकारामनं त्याला ग्रामपंचायतीसमोर गाठला होता.

"एकाच घरचं राहत नाही जी, काकाजी. जुनी लाइन वरूनच बंद होऊन राहिली. आज दुपारी मशीनच काढून नेतात."

"आन् तुझं लोकल चॅनल?"

"ते जुन्या मशीनीवरच होतं. तेही गेलं समजा."

टिकाराम जायला वळला, दोन पावलं गेला आणि परत आला.

लोकल चॅनलवर काहीबाही चालायचं. कोणाच्या लग्नाची कॅसेट, दंडारीच्या खेळाचं शूटिंग, धानाचे भाव. आणि पडद्याच्या तळाशी एक पट्टी सरकत राहायची. कुलदीप, वय बावीस, रंग सावळा, तुमसरहून गावी यायला निघाला तो पोचला नाही. कोणास दिसल्यास वडील टिकाराम, कोंढा, यांना कळवावे.

कुलदीप टिकारामचा एकुलता एक. तुमसरला राइस मिलमध्ये कामाला होता. दिवाळीला येतो म्हणून निघाला आणि आलाच नाही. राजकुमारनं तेव्हा आपणहून पट्टी लावून दिली होती. त्याला आता कितीतरी दिवाळ्या होऊन गेल्या. पट्टीतला कुलदीप बाविशीतच राहिला. त्याची आई गिरजाबाई मात्र रोज सांजच्याला हात पुसत टीव्हीपुढे येऊन बसायची. पट्टी सरकून जायची, पुन्हा येईस्तोवर ती बसून राहायची.

"पट्टी दिसली नाही तर तुझ्या काकीले काय सांगू मी?"

राजकुमार खाली वाकून वायर गुंडाळू लागला. "सकाळपासून हेच आयकून राहिलो जी मी. माह्या हातात काही नाही. तुमी एकदा काकीसंगं बोलाच."

बोलायचं म्हणजे काय बोलायचं? टिकाराम तलावाच्या पाळीवर जाऊन बसला. बसवेना, म्हणून उठला. बस स्टँडवर आला, चहा मागवला आणि अर्धा कप तसाच ठेवून निघाला. कोणीतरी रामराम घातला, तोही त्याला ऐकू आला नाही.

पट्टी लागली त्याच कापणीत एक पोलीसवाला विचारत विचारत त्याच्या धानाच्या बांधीवर आला होता. विळा हातातच होता टिकारामच्या. पोलीसवाल्यानं खिशातून फोटो काढला. रेल्वेच्या रुळापाशी सापडलेला पोरगा. टिकाराम घरी न जाता, विळा धुऱ्यावर टाकून तसाच त्याच्यासोबत गेला. पोराला ओळखलं. तिकडच्या तिकडेच अग्नी दिला. येताना वैनगंगेत डुबकी मारली आणि दिवस बुडता बुडता घरी आला.

गिरजाबाई दारातच उभी होती. तिचं काळीज आधीच अधू. धक्का बसेल असं काही कानावर घालू नका, असं डॉक्टरनं बजावलेलं. तिनं काही विचारायच्या आत तो बोलून गेला, "पोलीसवाल्यानं नेलं होतं एक पोरगा पाहाले. आपला नोहे."

तिनं त्याच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "मंग येईल," एवढंच म्हणाली आणि पाण्याचा गडू पुढे केला.

उद्या सांगू, असं तो त्या रात्री मनाशी म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी ती टीव्हीपुढे जाऊन बसली, आणि त्याची जीभ उचलली नाही. त्यानंतरही कधी उचलली नाही. पट्टी सरकायची तेव्हा तोही मान वर करून ती वाचायचा. न वाचून करतो काय? तिला संशय आला असता.

बस स्टँडवरून तो घरी पोचला तेव्हा गिरजाबाई भरदुपारी टीव्हीपुढे बसलेली होती. नवा डबा बाजूला खोक्यातच पडून होता. पडद्यावर कोणाची तरी वरात नाचत होती आणि खाली पट्टी निघाली होती. कुलदीप, वय बावीस, रंग सावळा...

तेवढ्यात खरखर झाली आणि सगळ्या पडद्यावर मुंग्या आल्या.

दोघंही मुंग्यांकडे पाहत राहिले. मग गिरजाबाई उठली आणि तिनं बटण बंद केलं.

आता नाही तर कधीच नाही. टिकाराम तिच्या जवळ सरकला, पडलीच तर धरता यावं म्हणून.

"गिरजा, खाली बस वो. तुले एक सांगतो."

"सांगा ना."

"तो पोलीसवाला आला होता ना, मले फोटो दाखवाले? मी तुले म्हटलं, आपला नोहे." त्यानं हात तिच्या पाठीशी नेला. "तो आपलाच होता वो. आपला कुलदीपच होता."

गिरजाबाई पडली नाही. तिनं पदराला डोळेसुद्धा लावले नाहीत. उलट तिनंच त्याचं मनगट घट्ट धरलं आणि त्याला खाटेवर बसवलं.

"मालूम आहे मले," ती म्हणाली. "तुमीच म्हटलं, आपला नोहे. मंग तो आपलाच होता हे मी कोणत्या तोंडानं सांगू तुमाले?"

"पण तुले... तुले कोणं सांगतलं?"

"तो पोलीसवाला आधी घरीच आला होता," गिरजाबाई म्हणाली. "फोटो मी पाहला. बांधीचा रस्ता त्याले मीच दाखवला."