न तपासलेला सिलिंडर

“पोरगं गेलं माझं, पण या बाईंनी जिवाचं रान केलं साहेब,” चौकशी समितीपुढे म्हातारा कळवळून सांगत होता. “दवाखाना येईस्तोवर तोंडानं श्वास देत होत्या. यांना कामावरून काढू नका.”

रुग्णवाहिकेवर काम करणारी उज्ज्वला खाली मान घालून ऐकत होती. अध्यक्षांनी विचारलं, “ऑक्सिजनचा सिलिंडर वाटेत लीक झाला, असं ड्रायव्हरही म्हणतोय. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

‘नाही’ म्हटलं की तिची नोकरी शाबूत राहणार होती. पण म्हाताऱ्याची माया तिला सोसवेना.

“लीक नव्हता, रिकामाच होता. त्या सकाळी मी न तपासताच ‘भरलेला’ म्हणून वहीत सही केली.”

म्हातारा तिच्याकडे वळला. “म्हणजे तो भरलेला असता, तर पोरगं वाचलं असतं?”

“हो, बाबा.”