नाचरा कोळी

तांदळाएवढा कोळी मादीपुढे नाचतोय आणि मागे कुणीतरी ढोलकी लावलीय! असली गंमत दिगंबरराव कशी दाबून ठेवणार? भावाच्या गावी आठवडाभर रेंज नव्हती. एसटीतून उतरताच त्यांनी शाळासोबत्यांच्या ग्रुपवर, आधीचं काही न वाचताच, व्हिडिओ ढकलून दिला.

मग वरचे मेसेज पाहिले. जोडलेल्या हातांची नुसती रांग. त्यांचा जिवलग श्रीपाद परवा गेला होता, आणि त्या रांगेखाली कोळी ढोलकीवर कंबर लचकवत होता.

घाईघाईने त्यांनी तो पुसला. तेवढ्यात फोन वाजला. श्रीपादचाच नंबर; पलीकडे वहिनी.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं हो..."

"भाऊजी, तो कोळी का पुसलात?" रडून बसलेल्या आवाजात हसू होतं. "तुमचं काही आलं की हे चहा बाजूला ठेवून मला दाखवायचे. आजचा माझा अर्धाच बघून झाला होता."

दिगंबररावांचा जीव भांड्यात पडला, आणि मग कुठे त्यांना श्रीपादसाठी रडू आलं.

"परत पाठवा," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्याच फोनवर. तो मी चालूच ठेवणार आहे."