पिवळं निशाण

तिसऱ्या खेपेलाही बोट थांबली नाही.

धुक्यातून आली, जंगलातल्या सरकारी ठाण्यासमोर जरा मंदावली, टपालाची थैली आणि तांदळाची दोन पोती बांबूच्या तराफ्यावर सोडली आणि वळणाआड गेली. आलिडा धक्क्यावर बांधून ठेवलेल्या पेटीवर बसून होती. तिनं मान वर केली. काठीवर पिवळं निशाण लोंबत होतं.

पिवळं म्हणजे ठाण्यात साथ. पांढरं असेल तरच बोट धक्क्याला लागायची. बोर्निओच्या त्या नदीवर दुसरे कायदे कुणी फारसे पाळत नसत, पण हा सगळे पाळत.

“काल संध्याकाळी मी माझ्या हातानं पांढरं चढवलं होतं,” ती म्हणाली.

ओटमार जरा लांब उभा होता. तो राळेचा व्यापारी. आलिडा आणि तिचे वडील सोडले तर ठाण्यात उरलेला एकटाच युरोपियन. हल्ली तो वर घराच्या व्हरांड्यातही येत नसे.

“वाऱ्यानं बदललं असेल.”

“वाऱ्याला गाठ मारता येते होय?”

“या जंगलात कुणाला काय येईल, सांगता येत नाही, बाईसाहेब.”

“आम्ही गेलो तर तुम्हाला पत्ते खेळायला कुणी उरणार नाही. म्हणून हे उद्योग ना?”

ओटमार आपल्या बुटांकडे बघत राहिला. “तसंच समजा,” तो म्हणाला.

आलिडाचे वडील तेउनिस या ठाण्याचे अधिकारी. पाच महिने ते अंथरुणाला खिळून होते. ताप नाही, खोकला नाही. पायात जीवच राहिला नाही, एवढंच म्हणत. किनाऱ्यावरचं इस्पितळ बोटीनं सहा दिवसांवर होतं. आईच्या आजारपणात बोट वेळेवर आली नव्हती आणि आई याच व्हरांड्यात गेली. वडिलांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे आलिडानं मनाशी ठरवलं होतं.

दिवस एकमेकांत विरघळत होते. झाडांतून वाफ निघायची. नदी इतकी संथ, की वाहते की नाही कळायचं नाही. दमटपणानं घड्याळं बंद पडली. आरशाचा पारा काळा पडला म्हणून तेउनिसनी तो काढून नदीत टाकायला लावला. आलिडा केस अंदाजानं विंचरायची.

ती चुलीवरून किटली उचलून आणायची, तेव्हा ते हमखास ओरडत. “फडकं घे, पोरी.”

“हाताला सवय झालीय, पापा.”

चहा झाला की त्यांचा जुना खेळ. ती लहान असल्यापासूनचा. तिनं डोळे मिटायचे, त्यांनी तळहातावरून धनेश पक्ष्याचं पीस फिरवायचं, आणि पीस टेकल्याबरोबर तिनं ‘आता’ म्हणायचं. लहानपणी ती कधी हरली नव्हती. हल्ली रोज हरायची.

“तुमचा हात फार हलका झालाय,” ती म्हणायची.

तेउनिस पीस पुस्तकात ठेवून द्यायचे.

एकदा भात ढवळताना तिला सारिमनची आठवण झाली. सारिमन त्यांचा आचारी. त्यानंच तिला केळीच्या पानात भात बांधायला शिकवलं होतं. ओटमार खालच्या पायरीवर आपल्या टिनच्या पेल्यातून चहा पीत होता.

“सारिमनचं काही कळलं का हो?”

“त्या बेटावर गेलेल्याचं काय कळणार?”

सारिमन एकदा रस्सा ढवळत उभा होता. त्याचा पाय निखाऱ्यावर होता. वास आला तो इतरांना. त्याला पत्ताच नव्हता. बोटीवरच्या डॉक्टरनं पायाला सुई टोचून पाहिली आणि त्याच खेपेला त्याला महारोग्यांच्या बेटावर नेलं. डॉक्टरला कळवणारं पत्र तेउनिसनी लिहिलं होतं. नियमच होता. त्याची बायको काठाकाठानं वळणापर्यंत पळत गेली होती.

“तेव्हापासून डॉक्टर सगळ्यांचेच हातपाय तपासतो,” ओटमार म्हणाला. “साहेब असो की आचारी. मगच बोटीवर घेतो.”

“घेऊ दे तपासून. पापांच्या पायांना सगळं कळतं. फक्त ताकद नाही.”

ओटमारनं पेला विसळला आणि तो निघून गेला.

सहा आठवड्यांनी पुन्हा बोटीचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी आलिडानं पांढरं निशाण चढवलं, आणि पहाटे काठीजवळच्या पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसली. आज ओटमारला रंगेहाथ पकडायचं, मग बघू काय म्हणतो ते.

धुकं इतकं दाट होतं, की नदीचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. पावलं वाजली. सरळ, दमदार. झोपायचा लांब सदरा घातलेला माणूस काठीजवळ आला. त्यानं पांढरं उतरवलं, पिवळं बांधलं, दोरी ओढली.

“पापा,” ती म्हणाली.

तेउनिस दचकले नाहीत. दोरीला शेवटची गाठ मारून मगच वळले.

“तुम्हाला चालता येतं.”

“येतं.”

“पाच महिने मी तुम्हाला चमच्यानं भरवलं.”

“हो.”

“मग का? मी रोज मरत होते तुमच्या काळजीनं. का केलंत असं?”

लांबून बोटीच्या यंत्राची धडधड येऊ लागली. तेउनिस धक्क्याच्या पायरीवर बसले. तिलाही शेजारी बसवलं.

“बोटीवर डॉक्टर असतो,” ते म्हणाले.

“तुमच्यासाठीच ना तो!”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पीस काढलं. “हात दे.”

“हे आत्ता? या वेळी?”

“डोळे मीट, पोरी.”

रागारागानं तिनं हात पुढे केला, डोळे मिटले. धडधड जवळ आली, अगदी समोर आली, मग हळूहळू वळणाकडे गेली. नदीचं पाणी काठाला लागून पुन्हा गप्प झालं. ती वाट बघत राहिली.

“करा ना सुरू,” ती म्हणाली.



तिनं डोळे उघडले. पीस तिच्या तळहातावरून फिरत होतं.