दहाव्याचा शब्द

माझ्या बायकोनं, रूपालीनं, परदेशी जातीचे दोन साप पाळले होते. यंदा पहिल्यांदाच त्यांची पिल्लं काढायची होती. थंडीभर उपाशी ठेवलेल्या मादीला आधी पोटभर उंदीर चारायचे, मगच तिच्या पेटीत नर सोडायचा, असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. त्याआधीच उचगावच्या हायवेवर ट्रकनं रूपालीला चिरडलं.

सुतकात सासूबाईंनी घरात मांस येऊ दिलं नाही. उंदीरसुद्धा नाही.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. सासूबाई म्हणाल्या, "पोरीचा जीव त्या सापांच्या पिल्लांत अडकलाय. शबूद द्या तिला, जावईबापू."

मी म्हणालो, "आज घरी गेल्या गेल्या जोडी लावतो."

कावळा शिवला.

घरी येऊन मी नर मादीच्या पेटीत सोडला. तिनं त्याला करकचून विळखा घातला, तसा मी हात जोडून खोलीबाहेर आलो.

थोड्या वेळानं सासूबाईंनी दारातूनच डोकावलं आणि डोळ्याला पदर लावला. "पोट फुगलंय की हो तिचं. ऱ्हायली बगा."



मी जवळ गेलो. मादीच्या तोंडाबाहेर नराची शेपटी अजून वळवळत होती.