आचाऱ्याचं नाक

बेलकडे गेलेला हात तिने तसाच मागे घेतला. दाराच्या फटीतून गॅसचा वास येत होता, नाकाला झोंबेल असा. तिने किल्लीने दार उघडलं. आत स्वयंपाकघरात नवरा शेगडीसमोर उभा होता. पातेलं चढवलेलं, हातात लायटर.

“अहो, तो लायटर खाली ठेवा.”

“का?”

“ठेवा म्हणते ना!”

त्याने लायटर ठेवला, पण घुश्शातच. तो कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी. स्वयंपाकघरात त्याला कोणी हुकूम सोडत नसे. झाकण न काढता भांड्यात काय कमी पडलंय ते सांगणारा माणूस, अशी त्याची ख्याती. ती पसरवण्यात त्याचाही हातभार होता.

तिने सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या. तेवढ्यात तो पंखा लावायला वळला.

“बटणाला हात लावू नका! एक ठिणगी उडाली तर दोघंही भिंतीवरच्या फोटोत जाऊ.”

“उगाच काहीतरी. गॅस असता तर मला आधी कळलं असतं.”

तिने वाद घातला नाही. त्याला दंडाला धरून जिन्यात आणलं, शेजारच्यांचं दार ठोठावून त्यांनाही बाहेर काढलं आणि खाली रस्त्यावर जाऊन मग गॅसवाल्यांना फोन लावला.

मेकॅनिक आला तोवर घर मोकळं झालं होतं. त्याने नळीला साबणाचं पाणी चोळलं आणि रेग्युलेटर क्षणभर चालू केला. शेगडीजवळ भराभर बुडबुडे आले.

“चीर गेलीय, काका. एवढ्या वासात तुम्ही उभे तरी कसे राहिलात?”

तो स्टूल ओढून बसला. नवी नळी बसवून मेकॅनिक निघून गेला, तरी तो स्टुलावर बसूनच होता.

“सर्दी झालीय का?” तिने विचारलं.

“सर्दी नाही. तो मोठा ताप येऊन गेला ना, तेव्हापासून वास नाही, चव नाही. चिखल वाढलास तरी गिळेन.”

“अगं बाई! मग कँटीनमध्ये कसं करता?”

“मीठसुद्धा चमच्याने मोजून टाकतो, चोरून. कुणाला कळलं तर? नाक गेलेला आचारी कोण ठेवून घेईल?”

ती त्याच्यासमोर बसली. “नोकरीचं नंतर बघू. पहाटे तिथल्या शेगड्या तुम्ही एकटेच पेटवता. आज मी आले. तिथे कोण येणार?”

तो उठला, पायात चपला सरकवल्या आणि कँटीनच्या मालकांकडे गेला.

परत आला तो दिवेलागणीला, तोंड पाडून. तिने पाण्याचा पेला पुढे केला.

“गेली ना? जाऊ दे. काहीतरी बघू.”

“नोकरी आहे. गॅस गळला की वाजणारं यंत्र बसवणार आहेत. आणि पहाटे आधी दुसरा कुणी आत जाऊन वास घेणार, मगच मी शेगडी पेटवायची.”

“मग चेहरा का असा?”

त्याने सगळं पाणी संपवलं.

“मालक म्हणाले, लोक कधीचे विचारताहेत, आजारातून उठल्यापासून तुमच्या आचाऱ्याच्या हाताला एवढी चव कुठून आली?”